चौथा मोड

दादाने गाडीला ताकद वाढवणारा तो डबा बसवला तेव्हा मी सोबत होते, कारण डब्याबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. आमच्या घरात इंग्रजी हे माझं काम होतं. दादा मराठी शाळेत शिकला. माझ्या वेळेपर्यंत बाबा वीजकेंद्रात कायम झाले होते, आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो, म्हणून मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. बँकेचे फॉर्म, औषधाच्या बाटल्या, मोबाइलवर येणाऱ्या सूचना, सगळं माझ्यापुढे यायचं. मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. त्यापलीकडे मी फार बोलत नसे आणि ते कुणाला खटकतही नसे.

गाडी म्हणजे एक लहान एसयूव्ही, दीड लिटरचं डिझेल इंजिन, सेकंड हँड घेतलेली. दादा कोळसा वाहणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता आणि दिवसभर ट्रकांच्या मागे-पुढे पळायचा. त्याची एकच तक्रार होती. पाय दाबला की गाडी लगेच उचलत नाही. क्षणभर तशीच राहते, मग इंजिनात हवा कोंबणारा टर्बो जागा होतो, तोवर समोरून दुसरा ट्रक आलेला असतो. हे तो जेवताना सांगायचा आणि सांगता सांगता ताट भिरकावायचा. वहिनी ताटाच्या वाटेतून बाजूला व्हायला शिकली होती.

पडोलीला ट्रकांच्या गॅरेजच्या रांगेत एक मिस्त्री लॅपटॉप लावून गाड्यांची ताकद वाढवून देत असे. डबा बसवायचा त्या दिवशी खरं तर वहिनीच्या मनगटाचा एक्स-रे काढायला जायचं होतं. आदल्या दिवशी दादाने तिचा हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. आईने शेजारी सांगितलं की मोरीत पाय घसरला. दादा म्हणाला, आधी गाडीचं काम, मग दवाखाना. वहिनी दोन तास गॅरेजमध्ये एका जुन्या टायरवर हात मांडीत घेऊन बसली होती.

मिस्त्री तिशीतला असावा. बोलणं कमी, पण गाडीबद्दल विचारलं की नीट समजावून सांगायचा. इंजिन म्हणजे हवा आणि डिझेल, कंपनी दोन्ही जरा हात राखून देते, असं तो म्हणाला. हा डबा हवेचा आणि डिझेलचा दाब मोजणारे सेन्सर आणि गाडीचा कॉम्प्युटर यांच्या मधे बसतो आणि कॉम्प्युटरला खोटं सांगतो की दोन्ही कमी पडतं आहे. मग कॉम्प्युटर टर्बोकडून जास्त हवा मागतो आणि डिझेलही जास्त सोडतो. मला हे आवडलं. मी पुस्तकातला तो भाग दोनदा वाचला.

दादाला इंजिनात हवा घेणारा उघडा फिल्टरही पाहिजे होता, शंकूसारखा, ज्याने इंजिनचा आवाज मोठा येतो. मिस्त्री नको म्हणाला.

"भाऊ, हे पुण्याकडं चालते. आपल्या इथी हवेत कोळसा उडून राह्यला. टर्बोचे पंखे खाऊन टाकन तो."

"तुले सल्ला मांगितला काय बे?" दादाने त्याच्या शर्टाची गुंडी दोन बोटांत धरली आणि हसत हसत पिळली. गुंडी तुटली. मिस्त्रीने ती खाली वाकून उचलली, खिशात टाकली आणि फिल्टर बसवला.

डब्याचं ॲप माझ्या फोनमध्ये घेतलं, कारण त्यातलं सगळं इंग्रजीत होतं आणि दादाला वाचत बसायचं नव्हतं. चार मोड होते. पहिला डिझेल वाचवायचा, दुसरा साधा, तिसरा स्पोर्ट, तोच दादासाठी. चौथा गाडी परक्या माणसाच्या हातात द्यायची असेल तेव्हासाठी.

"हा लावला का गाडीचा ट्रॅक्टर होते, ताई," मिस्त्री म्हणाला. "कितीही दाबा, पळत नाई. अन् मोड बदलाचा तो गाडी उभी असतानाच."

दादा ट्रायल मारायला गेला तेव्हा आम्ही दोघी तिथेच थांबलो. मिस्त्रीने वहिनीला पाणी दिलं. तिने डाव्या हाताने ग्लास घेतला, तेव्हा उजवं मनगट त्याच्या नजरेला पडलं. त्याने नव्या फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, दोन पट्ट्या तिच्या मनगटाच्या खाली-वर ठेवल्या आणि वायरिंगच्या काळ्या टेपने घट्ट बांधून दिलं. बांधताना वहिनीने ओठ दाताखाली धरला होता. मी दोघांकडे बघत उभी होते. माझ्या हातात इंग्रजी पुस्तक होतं.

दवाखाना राहूनच गेला, पण गाडी खरोखर बदलली होती. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. बोनेटखालून फुसफुस ऐकू यायची, मग शिट्टी, मागे काळा धूर. दादा एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता. त्याच आठवड्यात मी गाडीत असताना लोहाऱ्याच्या पुढे एका ट्रकने त्याला साइड दिली नाही. त्याने कच्च्यावरून गाडी काढली, पुढे जाऊन आडवी लावली आणि ड्रायव्हरला खाली ओढलं. चाक खोलायचा लांब पाना तो सीटखाली ठेवायचा. पहिला फटका गुडघ्यावर बसला. माणूस खाली बसला, तेव्हा दुसरा पाठीत. बाकीच्या गाड्या बाजूने निघून गेल्या. परत येऊन त्याने पाना पायपुसण्याला पुसला आणि मला विचारलं, मोड तिसराच आहे ना. मी हो म्हणाले.

घरातही त्याचा हात तसाच वेगाने उठू लागला होता. भिंतीपलीकडून आवाज यायचे. आधी भांडं, मग पलंगाचा पाय सरकल्याचा आवाज, मग काहीच नाही. आई टीव्हीचा आवाज वाढवायची. बाबा ड्यूटीवर असायचे, नसले तर फाटकाबाहेर जाऊन उभे राहायचे. मी उशी कानावर दाबायचे. एकदा वहिनीचे केस मुठीत धरून त्याने तिला ओसरीपर्यंत ओढत आणलं, तेव्हा ती माझ्या दारासमोरून गेली. आमची नजरानजर झाली. मी दार लावून घेतलं. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण दार मी लावलं होतं.

वहिनीचं माहेर मार्कंड्याजवळचं, धानाची शेती करणारं घर. तिथल्या महाशिवरात्रीच्या जत्रेला तिच्या माहेरचे सगळे, काका, भाऊ, चुलतभाऊ, वैनगंगेच्या काठी राहुटी टाकून तीन दिवस एकत्र राहायचे. एरवी ते लोक विखुरलेले असत, कुणी शेतात, कुणी दुसऱ्या गावाला. त्या तीन दिवसांत मात्र सगळे एका जागी सापडायचे. वहिनीने महाशिवरात्रीचाच दिवस निवडला. सकाळी देवळात जाऊन येते म्हणून पूजेचं ताट घेऊन निघाली आणि जत्रेच्या बसमध्ये बसली. ताट बस स्टँडवरच्या बाकावर ठेवून गेली होती, ते ओळखीच्या बाईने आणून दिलं, त्यावरून घरात कळलं.

दादाने ते ताट आईच्या अंगावर फेकलं. कुंकू भिंतीवर उडालं. आईच्या भुवईतून रक्त आलं. मग त्याने माझा दंड धरला आणि मला पायऱ्यांवरून फरफटत गाडीत कोंबलं. त्याला मी कशासाठी हवी होते ते मला माहीत होतं. मोड तिसराच आहे ना, ते फोनमध्ये बघायला.

चिचपल्लीच्या जंगलातून गाडी इतक्या वेगाने चालली होती की झाडं दिसत नव्हती, नुसती पट्टी दिसत होती. रस्त्यात एक कुत्रं आलं. दादाने ब्रेक मारला नाही. ठक्क असा आवाज झाला आणि काचेवर थोडं रक्त आलं. त्याने वायपर चालू केला. मूल गावाच्या अलीकडे आम्हाला बस दिसली. मागच्या काचेत भगवे झेंडे अडकवलेले होते. बस रेल्वेचं फाटक ओलांडून गेली आणि फाटक पडलं.

मालगाडी कोळशाची होती, लांबलचक. दादाने पाना सीटखालून काढून मांडीवर घेतला.

"नदीच्या पुलाच्या आधी बस आडवतो," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "खाली उतरवतो न पायच तोडतो तिचा. मंग कशी जाते पाहू."

गाडी उभी होती. फोन माझ्या हातात होता. ॲप उघडलं, चौथ्या मोडवर बोट ठेवलं. खरंच बदलायचं का, असं इंग्रजीत विचारलं गेलं. मी यस दाबलं. मालगाडीच्या वाघिणी जात होत्या, मी त्यांच्याकडे बघत राहिले.

फाटक उघडलं. दादाने पाय दाबला आणि गाडी रांगायला लागली. मागून हॉर्न सुरू झाले. मोटारसायकली गेल्या, मग ऑटो, मग माणसांनी भरलेला एक ट्रॅक्टरही आम्हाला ओलांडून गेला. ट्रॉलीतल्या बायका दादाकडे पाहून हसल्या. त्याने स्टिअरिंगवर मूठ मारली, मग डॅशबोर्डवर, मग उलट्या हाताने माझ्या तोंडावर. तोंडात रक्ताची चव आली.

"मोबाइलमध्ये पाह्य. काय म्हणून राह्यला तो?"

स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं की गाडी चौथ्या मोडवर आहे. आयुष्यभर मी त्याला इंग्रजी वाचून दाखवलं होतं आणि एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं.

"फिल्टर जाम झाला म्हणतंय," मी म्हणाले.

त्याने गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, तो शंकूसारखा फिल्टर उपटून रस्त्यावर आपटला. काळी भुकटी ढगासारखी उडाली. कोळसाच होता. त्याला पुरावा मिळाला. फिल्टर परत लावूनही गाडी तशीच, तेव्हा त्याने पान्याने बोनेटवर घाव घातले. मी आत बसून ते मोजले नाहीत. बस कुठे पोचली असेल एवढंच मनात चाललं होतं.

हरणघाटचा पूल आम्ही रांगत ओलांडला. मार्कंड्याला पोचलो तोवर उन्हं डोक्यावर आली होती. वहिनी राहुटीत मागे बसलेली दिसली, हाताला अजून तो पुठ्ठा. समोर सात-आठ पुरुष उभे होते. दादा पाना घेऊन उतरला. तिचा मोठा भाऊ त्याच्याकडे न बघता म्हणाला, "जवाई, दर्शन घ्या न परत जा. बाई इथीच राह्यते."

दादाने पाना खाली केला. एकट्या माणसावर उठणारा हात आठ जणांपुढे उठला नाही. तिथे गाडी उभी असताना मला मोड परत बदलता आला असता. बदलला नाही. तो रस्त्यातून पुन्हा मागे फिरेल अशी भीती होती.

म्हणून तो सगळा राग पडोलीपर्यंत गाडीत साचत आला. मला तेव्हा कळलं की मी काय केलं आहे. फिल्टर कुणी बसवला होता?

मिस्त्री एका ट्रकखालून बाहेर आला. दादाने त्याला गळ्याला धरून गाडीपाशी आणलं. "तुह्या फिल्टरनं आज माही इज्जत घालवली."

मिस्त्रीने लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर पाहिलं. मग माझ्या सुजलेल्या ओठाकडे, माझ्या हातातल्या फोनकडे. मला वाटलं, आता सांगेल. मी पाठीमागे हाताने गाडीचं दार चाचपत होते.

"हो भाऊ," तो म्हणाला. "फिल्टरच. कोळसा भरला. माही चूक झाली." त्याने फिल्टर झटकला आणि लॅपटॉपवर दोन कळा दाबल्या. गाडी सुरू करून दाखवली. शिट्टी परत आली.

दादाने त्याचा उजवा हात बोनेटवर दाबून धरला आणि पान्याने बोटांवर मारलं. दोनदा. सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. मिस्त्री गुडघ्यांवर बसला आणि हात पोटाशी धरला. आजूबाजूचे मिस्त्री धावून आले तोवर दादाने मला गाडीत ढकललं होतं.  मी एक वाक्य बोलले असते तर तो हात वाचला असता.

पावसाळ्यानंतर, माहेरच्यांनी वहिनीला नांदायला पाठवावं म्हणून दादाने गडचिरोलीच्या कोर्टात अर्ज केला. वहिनीच्या वकिलाला तिला मारहाण होताना किंवा तिची जखम पाहिलेलं कुणीतरी हवं होतं, नाहीतर तिला परत यावं लागेल असं माहेरच्यांना वाटत होतं. तिचा मला फोन आला. ती फक्त म्हणाली की पुठ्ठा तिने जपून ठेवला आहे.

मी बसने पडोलीला गेले. मिस्त्री डाव्या हाताने पाना फिरवत होता. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. मी मनगटाबद्दल विचारलं, कोर्टात सांगाल का. त्याने हात पुसले.

"मोड चौथा होता ते मले पहिल्या मिनिटातच दिसलं, ताई."

"मग सांगितलं का नाही?"

"पाना त्याच्या हातात होता. तुमच्या डोक्यात बसला असता." त्याने स्वतःचा पाना बाजूला ठेवला. "मी येतो कोर्टात. पुठ्ठा मीच बांधला, ते सांगीन. पण मी एकदाच पाह्यलं. रोज कोनं पाह्यलं?"

गॅरेजमध्ये कुणीतरी कॉम्प्रेसर चालू केला. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी पुढे झाले.

"मी," मी म्हणाले.

"मंग पहिले तुम्ही सांगा," तो म्हणाला आणि बसायला टायर पुढे सरकवला. मी फोन काढून तिथूनच वकिलाला लावला.