अडुसष्ट नंबरचं ऑइल

आमच्या घरातल्या पुरुषांना गाडी धुता येते, सांभाळता येत नाही. दर रविवारी माझे मालक आणि धाकटे दीर मिळून आमची जुनी डिझेल गाडी अशी घासतात, जणू उद्या तिला बघायला पाहुणे येणार आहेत. बॉनेट मात्र कुणी उघडत नाही. आतलं कुणाला दिसत नाही ना.

बॉनेट मी उघडते. महाळुंग्याच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांचे डबे मी बनवते आणि मालक याच गाडीतून ते गेटवर पोचवतात. गाडी एक दिवस बसली तर माणसं उपाशी राहतील आणि दुसऱ्या दिवसापासून डबा दुसरीकडून घेतील. म्हणून रोज सकाळी इंजिन गार असताना मी ऑइलची कांडी ओढते, चिंधीने पुसते, परत घालून ऑइल कुठवर आहे ते बघते. हे गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं. म्हणजे सांगत होता तो मालकांना. मालक मोबाईल बघत होते आणि मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. गाडी थांबवली की इंजिन मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करा, असंही तो म्हणाला होता. मालक चाक थांबायच्या आत किल्ली काढतात.

मागच्या वर्षी ऑइल बदलायची वेळ आली, तेव्हा दीर कंपनीतून एक डबा घेऊन आले. ते तिथे मशीन चालवतात. त्यामुळे जगातली सगळी यंत्रं आपल्याला कळतात, असा त्यांचा समज आहे.

"दादा, विकतचं ऑइल कशाला? हे आमच्या मशीनचं. परदेशी मशीन आहे राव."

डब्यावर ६८ लिहिलं होतं. मिस्त्रीने मागच्या वेळी दिलेल्या जुन्या डब्यावर १५ आणि ४० होतं. मी मालकांना हळूच म्हटलं, "अहो, नंबर वेगळा आहे."

दिरांनी ऐकलंच. "वहिनी, चाळीस मोठं का अडुसष्ट? चौथीत शिकवलं न्हवतं का?"

मालकही हसले. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. मी भाकऱ्या थापायला गेले.

दुपारी दोघं घोरत असताना मी ते ऑइल बोटांवर घेतलं. पाण्यासारखं ओघळलं. मिस्त्रीच्या डब्याच्या तळाशी उरलेलं काकवीसारखं होतं. दुसऱ्या दिवशी तो रिकामा डबा मी स्पेअर पार्टच्या दुकानात नेला, काउंटरवर ठेवला आणि बोट दाखवलं. बोलायची गरजच पडली नाही. घरी येऊन अडुसष्टचं ऑइल एका बादलीत ओतलं आणि दिरांच्या डब्यात विकत आणलेलं नवं भरलं.

रविवारी दिरांनी जुनं ऑइल काढून हे घातलं. बोटांत चोळून म्हणाले, "बघ दादा, केवढं घट्ट. कंपनीचा माल."

पुढचे कित्येक महिने गाडी व्यवस्थित चालली आणि हे कौतुक मी जेवण वाढताना ऐकत राहिले. बादलीतलं ऑइल अंगणाच्या गेटच्या बिजागऱ्यांना लावत होते.

मग एक दिवस दीर त्यांची स्वतःची डिझेल गाडी घेऊन अंगणात आले. तिचं जुनं ऑइल काढून झालं होतं आणि हातात तसलाच डबा. झाकण उघडलं तेव्हा मी ओसरीतून उतरले.

"भाऊजी, घालू नका. आमच्या गाडीत ते कधी पडलंच नाही. मी बदललं होतं."

दीर म्हणाले, "तरीच म्हटलं, दादाच्या गाडीला ओढ का न्हाई."

सकाळपर्यंत त्याच गाडीला विमानासारखी ओढ होती.

डब्याचं झाकण मात्र त्यांनी परत लावलं. थोड्या वेळाने मालक स्वयंपाकघरात आले. "तो विचारतोय, कुठला नंबर?"

दीर दहा पावलांवर उभे होते. मी मिस्त्रीचा रिकामा डबा उचलला आणि बाहेर कट्ट्यावर ठेवला. आकडे त्यांना वाचता येतात.