मागे न घेतलेली फिर्याद

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यातून गेली आहेत. खून गेले, दरोडे गेले, मंत्र्यांच्या दौऱ्यांचे बंदोबस्त तर केव्हाच गेले. एक प्रकरण मात्र काही केल्या जात नाही, आणि ते कोणत्याच पोलीस ठाण्याच्या दप्तरी नाही. त्यात गुन्हा नोंदवला गेला नाही, पंचनामा झाला नाही. तपास मात्र मी केला, आणि पूर्ण केला. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्यातली निम्मी माणसं माझ्या घरची आहेत.

मी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. माझी मुलगी आणि जावई कतारमध्ये अल खोरला राहतात. जावई गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर आहेत. पहाटे कंपनीची बस नेते, संध्याकाळी आणून सोडते. हिवाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. माझी नात दहा-अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत सांगायचं, असं आमचं छान चालायचं. ती गावाबाहेरच्या एका क्लबात घोडेस्वारी शिकत होती, आणि त्या क्लबानं मुलांसाठी रोडिओ ठेवला होता.

रोडिओ म्हणजे काय, हे तिनंच मला समजावलं. अमेरिकेतले गुराखी करतात ते घोड्यावरचे खेळ. इथं पोरांसाठी त्याची सौम्य आवृत्ती होती: रिकाम्या पिंपांना वळसा घालून घोडा पळवायचा, लाकडी वासरावर दोरीचा फास टाकायचा, एवढंच. शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे निघालो. डब्यात दडपे पोहे, थर्मासमध्ये चहा, पोरीच्या डोक्यावर गुराख्याची मोठी टोपी. मैदानावर कंपनीतली बरीच कुटुंबं होती, पुण्याची, नाशिकची, केरळची. जो तो माझ्या नातीचं कौतुक करत होता, कारण सरावात तिनं सगळ्यांना मागे टाकलं होतं. मुलगी हसून सगळ्यांचे अरबीत शुक्रन म्हणून आभार मानत होती.

नातीची घोडी म्हातारी, तपकिरी, अगदी गरीब स्वभावाची. नवी पोरं तिच्यावरच शिकायची. नात तिच्यावर बसली, टाच मारली, आणि घोडीनं पाठ कमानीसारखी वर उचलून मागचे पाय झाडले. दुसऱ्या झटक्याला पोर वाळूत. डाव्या हाताचं हाड मोडलं होतं. मुलगी धावत गेली आणि वाळूत तिच्याशेजारी बसली.

घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार राजस्थानचा होता, चाळिशी ओलांडलेला. त्यानं घोडीला आवरलं आणि लगाम धरून उभा राहिला. जावई थेट त्याच्या गळपट्टीला हात घालायला गेले, दोघांनी आवरलं. खोगीर नीट घातलं नाही, आमची मुलगी मेली असती, अशी तक्रार त्यांनी तिथंच व्यवस्थापकाकडे केली. व्यवस्थापकानं त्याला कामावरून बाजूला काढलं. तक्रार कायम राहिली तर त्याला मायदेशी पाठवणार, हे ठरल्यातच जमा होतं. गावाकडे आईवडील, बायको, मुलं, सगळे त्याच्या एकट्याच्या पगारावर.

आमच्या धंद्यात म्हणतात ती 'खबर' मला प्रथमोपचाराच्या तंबूत मिळाली. तिथं वसईच्या एक बाई होत्या, इस्पितळात नर्स, त्यांचाही मुलगा खेळात होता. नातीचा हात बांधता बांधता त्या मला हळूच म्हणाल्या, "अंकल, त्या माणसाला उगीच पकडलंय. पोरगी बसल्याबरोबर घोडी उडाली. खोगीर ढिलं असतं तर ते आधी घसरलं असतं. तिला काहीतरी टोचलंय." नजर ज्या माणसाला असते त्याला ती कुठंही असते. मी ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जावईच मला क्लबात घेऊन गेले. म्हणाले, "बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. त्याला बोलतं करा. त्यानं कबूल केलं की विषय संपला." त्यांना तपास नको होता, कबुलीजबाब हवा होता. असे फिर्यादी मी खूप पाहिले आहेत.

मोतद्दार तबेल्याबाहेर गवताच्या गठ्ठ्यावर बसला होता. मी जावयांना लांब पाठवलं. माझी पद्धत साधी आहे. मी गुन्ह्याबद्दल आधी विचारत नाही, सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगायला लावतो. पढवलेला माणूस सरळ रेषेत सांगतो. खरं सांगणारा अडखळतो, मागे येतो, राहिलेलं जोडतो. हा तीनदा मागे आला. खोगिराखाली जी जाड घोंगडी घालतात, तिच्यावरून त्यानं रोजच्यासारखा तळहात फिरवला होता. घोंगडी साफ होती, ती घोडीच्या पाठीवर टाकली, खोगीर चढवायचं बाकी होतं. मग खेळ सुरू होण्याआधी घरच्यांना घोड्यांबरोबर फोटो काढायला सोडतात, तसं सोडलं. तेवढ्यात तो दुसऱ्या घोड्याला पाणी दाखवायला गेला.

"तेव्हा घोडीजवळ कोण होतं?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "आप ही के लोग थे, साहब."

मी घोंगडी मागितली. ती तशीच तारेवर टाकलेली होती. मुद्देमाल ताब्यात घ्यायची कोणालाच घाई नव्हती. खालच्या बाजूला रुपयाएवढा काळपट डाग होता आणि डागाच्या कडेला सुईनं काहीतरी टाचल्याची भोकं. घोडीच्या पाठीवर नेमक्या त्याच जागी सूज होती, कातडी सोलवटली होती. घोंगडीच्या एका भोकात लोंबत राहिलेला काळ्या दोऱ्याचा तुकडाही मला सापडला.

तो डाग मी ओळखला. फौजदार असताना एका बेवारस प्रेताची ओळख आम्ही सदऱ्यावरच्या धोब्याच्या खुणेवरून पटवली होती. ती खूण बिब्याच्या रसाची असते. कापड विरून जाईल, खूण जात नाही, आणि तो रस कातडीला लागला तर भाजल्यासारखे फोड येतात. आता त्या वाळवंटात बिबा आणणार कोण? दृष्ट लागू नये म्हणून पोराच्या कमरेला काळ्या दोऱ्यात बिबा बांधणारी माणसं त्या मैदानावर मोजकीच होती. आणि त्यांतल्या एका घरी तो कसा पोचला हे मला पक्कं ठाऊक होतं. मी येताना मुलीनं लाडवांसाठी बिब्याच्या आतली गोडंबी मागवली होती, आणि त्याबरोबर दोन-चार अख्खे बिबेही. माझ्याच बॅगेतून ते गेले होते.

परतताना मी जावयांना काही बोललो नाही. दुपारी घरी नात हाताला प्लास्टर घालून झोपली होती. मुलगी ओट्याशी होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट सुजलं होतं, वर बारीक फोड आले होते. तव्याचा चटका बसला, असं तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती सारखी खाजवत होती.

मी म्हणालो, "खोबरं चावून लाव त्यावर. तव्याच्या चटक्याला कोणी खाजवत नाही, बाळ. बिबा उतलाय तो."

तिनं गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसली. मग मला काही विचारावं लागलं नाही.

"सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या, बाबा. एक जण तर म्हणाली, हिला काय, ही जिंकणारच. पर्समध्ये बिबा आणि सुईदोरा घेऊनच आले होते मी. लहानपणी आई मला बांधायची ना? तेवढंच केलं मी. पोरीच्या अंगावर बांधला असता तर ह्यांनी माझी खिल्ली उडवली असती, म्हणून घोंगडीच्या खाली टाचला. कोणाला दिसू नये म्हणून."

सुई टोचल्यावर रस बाहेर आलेला तो बिबा, वर खोगीर, त्याच्यावर पोरीचं वजन. म्हाताऱ्या घोडीनं दुसरं काय करायचं? खोगीर उतरवल्यावर मुलीनं धांदलीतच तो काढून घेतला होता. म्हणजे तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

मी रागावलो नाही. तिच्या जागी तिची आई असती तर तिनंही हेच केलं असतं. मी तिला म्हणालो की चूक झाली, चुकीला कोणी फासावर देत नाही. पण एक माणूस विनाकारण घरी चाललाय, तेव्हा आजच सांगून टाकू.

"तिला कळलं की हात माझ्यामुळे मोडला, तर ती माझ्याजवळ येईल का?" ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "तो काय, बाबा. त्याला दुसरीकडे लागेल काम."

हे वाक्य मी नोकरीत किती तोंडांतून ऐकलं असेल. मुलाच्या गाडीखाली माणूस गेला की ड्रायव्हरला पुढे करणारे असंच बोलायचे, आणि मी त्यांची चामडी लोळवायला मागेपुढे पाहत नसे. आता ते माझ्या घरात, माझ्या मुलीच्या तोंडून ऐकत होतो.

संध्याकाळी जावई बाहेरून आले, तेव्हा तिच्या समोरच मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे आणखी कोणाला माहीत आहे?" या प्रश्नावरून माणूस कोणत्या बाजूला उभा आहे ते कळतं. मग कारणं सुरू झाली. शिकलेली माणसं आपण, कंपनीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. क्लबवाले घोडीच्या इजेची भरपाई मागतील. पोलिसात गेलं तर नोकरीवर येईल. पोरीच्या मनाचं काय? सगळी कारणं खरी होती. बोलता बोलता त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. नवरा म्हणून त्यांच्यात काही खोट काढता येणार नाही.

सकाळी मी टॅक्सी करून एकटाच क्लबात गेलो. व्यवस्थापकासमोर घोंगडी ठेवली, घोडीची पाठ दाखवली, मुलीचं सांगणं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं मला मानानं बसवलं, गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की तक्रार पोरीच्या वडिलांची आहे, ती त्यांनीच मागे घ्यायला हवी. माझ्या देखत त्यानं जावयांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

जावई इंग्रजीत, अतिशय सभ्यपणे बोलले. सासरे वयस्कर आहेत, नातीच्या अपघाताचा त्यांच्या मनावर परिणाम झालाय, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, तक्रार कायम आहे.

व्यवस्थापकानं फोन ठेवला. माझ्याकडे बघून त्यानं हात पसरले आणि म्हणाला, "खलास, अंकल."

खाकी अंगावर असती तर त्याच जावयाला मी समोरच्या खुर्चीत बसवून घाम फोडला असता. तिथं मी व्हिजिट व्हिसावर आलेला म्हातारा होतो, आणि आता डोकं फिरलेलाही. बाहेर पडताना मोतद्दार तबेल्याशी भेटला. मला व्यवस्थापकाकडून येताना त्यानं पाहिलं होतं.

"पता चल गया, साहब?"

"चल गया."

"किसने किया?"

पोलिसानं खोटं बोलायचं ठरवलं तर त्याला सहज जमतं. मला त्या वेळी बोलवेना. "मेरी बेटी ने. गलती से."

"उन्होंने मान लिया?"

"मान लिया."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण उमटली. "तो अब मुझे जाना नहीं पड़ेगा."

मला त्याला सांगावं लागलं की जावं लागेल. तक्रार मागे घेतलेली नाही आणि घेणारही नाहीत. त्याच्या आवाजात राग चढला तो तेव्हा, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"तो फिर आपने पूछा ही क्यों?"

नोकरीभर माझी समजूत होती की खरं शोधून काढणं हेच अवघड काम. ते एकदा सापडलं की पुढचं कोर्ट बघून घेईल. या प्रकरणानं मला शिकवलं की खरं सापडण्यापर्यंत सगळे तुमच्या बरोबर असतात. त्यानंतर ते कोणाला तरी आपल्या तोंडानं बोलावं लागतं, आणि तिथं घरचीच माणसं फितूर होतात. माझ्या तपासानं त्या माणसाला मिळालं काय? आधी तो नशिबाला दोष देत गेला असता. आता कोणाच्या अब्रूसाठी आपली भाकरी गेली, हे त्याला नेमकं ठाऊक आहे.

मी मुदतीच्या आधीच परतलो. मुलगी दर शुक्रवारी फोन करते. तिच्याशी न बोलण्याएवढा मी कठोर नाही, बाप आहे. नातीचा हात जुळला, ती पुन्हा त्याच घोडीवर बसते, व्हिडिओ पाठवते. परवा मुलगी सांगत होती की क्लबात आलेला नवा मोतद्दार फार चांगला आहे, खोगीर दोनदा तपासतो. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.