निघणाऱ्याचं वाक्य

अक्काला अल्जेरियातला नवरा मिळाला. म्हणजे माणूस आपलाच, पोखर्णीकडच्या एका खेड्यातला, पण नोकरी पार समुद्रापलीकडं, तिथल्या डोंगरांत रस्त्यांची मोजणी करायची. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं आणि आमच्या सेलूत मुंबईला नोकरी असलेला जावईसुद्धा मिरवायची गोष्ट होती. बायका मायला गाठून विचारायच्या, ‘‘तिकडं वाघ-सिंव्ह रस्त्यानं हिंडतेत म्हनं?’’ माय म्हणायची, ‘‘आमचे जावई हिंडतेत, तेवढं म्हाईत हाय.’’

मला अक्काचा हेवा वाटला. गोड शब्दांत कशाला सांगू, चांगलं पोटात दुखलं. नवऱ्यावरून नाही. नवरा तिचा तिला लखलाभ. मला हेवा वाटला तो रस्त्याचा. आधी मनमाडची गाडी, मग मुंबई, मग विमान, मग अजून एक विमान, आणि शेवटी डोंगर चढत जाणारी बस. यातलं काहीही मी नकाशाबाहेर पाहिलं नव्हतं. बाबा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. धम्म घेतल्यावर त्यांनी देवाच्या कोनाड्यात पुस्तकं मांडली होती, त्यांत नकाशांचं एक जाड पुस्तक होतं आणि घरात ते फक्त मी उघडायची. अक्काला तर पूर्व कुठली हेसुद्धा सूर्य बघून सांगावं लागायचं. चुडाव्याला मामाकडं गेलो की दुसऱ्या दिवशीच तिला घराचे वेध लागायचे. गाडीत खिडकीची जागा ती आपणहून मला द्यायची, बाहेर बघितलं की तिला मळमळायचं. अशा मुलीला अल्जेरिया आणि मला सेलूच्या कॉलेजचं पहिलं वर्ष. हा काय न्याय झाला, हे मी भांडी आपटून घरादाराला कळवत असे.

अक्का मुलींच्या शाळेत बाई होती. नुकतीच नोकरीत कायम झालेली. राजीनामा देऊन आली त्या दुपारी ती सुपात डाळ घेऊन निवडत बसली. मला वाटलं, हिची बघा मजा, आता शाळेची कटकटही सुटली.

लग्नानंतर एकटेच परत गेलेले दाजी उन्हाळ्यात तिला न्यायला आले. मुंबईहून कागदपत्रं यायची होती, तोवर त्यांचा मुक्काम आमच्याकडंच पडला. कापसाचा हंगाम संपल्यामुळं जिनिंग बंद होती, गाव निवांत होतं. संध्याकाळी अंगणात सडा मारून बाज टाकली की दाजी अक्काची शिकवणी घ्यायचे. ज्या डोंगरात ते राहत तिथल्या लोकांची भाषा वेगळी. अरबी नाही, फ्रेंच नाही, त्यांची स्वतःची. दाजी तिला कबाइल म्हणायचे. मी मोजणीला गेलो की दिवस दिवस येत नाही, हिला एकटीला बाजारला जाता-येता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून आधी प्रवासाचे शब्द.

रस्ता म्हणजे अव्रिद. बस म्हणजे ल्कार.

‘‘मंग कारला काय म्हनतेत?’’ शिकवणी अक्काची, पण प्रश्न माझा.

‘‘थाकरुस्त.’’

स्टेशनला लागार, आगगाडीला थामाशिंत. प्रवासाची पेटी असेल तर थावालिझ्त. वरच्या वस्त्यांना ल्कार जात नाही, तिथं सामान असर्दूनवर लादायचं, असर्दून म्हणजे खेचर. माय चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, ‘‘जावईबापू, अन् सफरीला काय म्हनतेत?’’ दाजी हसले. म्हणाले, सफर म्हटलं तरी समजतं, अरबीतला शब्द तिकडंही गेलाय. ‘‘म्हंजे मलाबी येतंय की त्यांचं,’’ माय म्हणाली आणि आठवडाभर शेजारणींना तेच सांगत सुटली.

मला एकदा ऐकलं की पुरायचं. अक्काच्या तोंडी मात्र शब्द टिकत नव्हते. ल्कार म्हणताना तिची जीभ अडायची, थावालिझ्तला ती हात टेकायची. ‘‘मला न्हाई जमायलं हे,’’ ती म्हणायची. तिच्या लक्षात राहिला तो एकच शब्द, अख्खाम, म्हणजे घर. तो प्रवासाचा शब्दच नव्हे, असं मी तिला तोऱ्यात सुनावलं.

एके दिवशी दाजींनी निरोप घ्यायची रीत सांगितली. आपल्याकडं निघणारा ‘येतो’ म्हणतो. तिकडं निघणाऱ्याचं वाक्य वेगळं आणि मागं राहणाऱ्याचं वेगळं. निघणारा म्हणतो, क्किम दि लह्ना, सुखानं राहा. राहणारा म्हणतो, रूह दि लह्ना, सुखानं जा. ‘‘अदलाबदल करू नका बरं,’’ दाजी म्हणाले, ‘‘लोक हसतेत.’’

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दाजी झोपले की मी अक्काला सराव द्यायला लागले. बाज म्हणजे ल्कार, मायची पत्र्याची पेटी थावालिझ्त, आणि तुळईला टेकलेली शिडी म्हणजे लागार. त्या ल्कारमध्ये बसायची मीच. पेटी मांडीवर घेऊन, पदर डोक्यावरून ओढून, खिडकीतून डोंगर बघितल्यासारखी मान वळवून. वास्तविक जायचं होतं तिला, बसायला हवं होतं तिनं. पण अक्का म्हणायची, ‘‘तूच जा. मी हितंच उभी ऱ्हाते.’’ आणि शिडीपाशी उभी राहायची. मग मी ऐटीत म्हणायची, क्किम दि लह्ना. आणि ती हात हलवून म्हणायची, रूह दि लह्ना. हे एक वाक्य मात्र तिला बिनचूक यायला लागलं. म्हणून म्हणून पाठच झालं. ती मागं राहणाऱ्याचं वाक्य शिकतेय, हिला त्याचा उपयोग काय, असं मनात यायचं, पण जागा सोडायला मी तयार नव्हते.

एकदा तिनं विचारलं, ‘‘परत यायला काय म्हनतेत गं?’’

‘‘ते दाजीला विचार,’’ मी म्हणाले. अजून निघाली नाही आणि परतीची भाषा. मला तिचा असा राग आला की त्या दिवशी मी ल्कार सोडलीच नाही.

आणि मग ती गोष्ट झाली. दाजींनी सगळ्यांसमोर शब्द विचारले, अक्का अडखळली, मी फाडफाड उत्तरं दिली. दाजी खूश होऊन म्हणाले, ‘‘मेहुणीबाई तर पास झाल्या! चला, तुमालाबी नेतो. तुमच्या अक्काला सोबत व्हईल.’’

अक्का पटकन म्हणाली, ‘‘न्या की. खरंच न्या.’’

दाजी मेहुणीची थट्टा करतात हे काय मला माहीत नव्हतं? मावसबहिणीच्या नवऱ्यानं मला किती वेळा मुंबई दाखवायचं कबूल केलं होतं, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. पण ही थट्टा मी थट्टेवारी नेलीच नाही. सोबत होईल, या दोन शब्दांत मला अर्थ दिसला. परक्या मुलखात अक्का एकटी, दाजी डोंगरात, घरात बोलायला कोणी नको का? आणि अक्का स्वतःच न्या म्हणाली होती. मी कॉलेजच्या मैत्रिणींना सांगून टाकलं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या थाकरुस्त, थामाशिंत म्हणत राहायची. एवढंच नाही, स्टेशन रोडच्या स्टुडिओत जाऊन, केसांना पाणी लावून, डोळे न मिटता फोटो काढून घेतला. पासपोर्टला फोटो लागतो, एवढं मला ठाऊक होतं.

जेवणं झाल्यावर तो फोटो मी दाजींपुढं ठेवला. ‘‘दाजी, हा लागंल ना?’’

दाजींनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. ‘‘अगं, मी आपलं गमतीनं...’’ ते म्हणाले, तिकडं फक्त बायकोला नेता येतं, कंपनीचा तसा नियमच आहे. मायला आधी कळलं नाही, कळल्यावर तिला इतकं हसू आलं की तिनं तोंडाला पदर लावला. बाबा हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, ‘‘आधी कॉलेज पुरं कर.’’ ते हसले असते तर बरं झालं असतं. अक्कानं जमिनीवरचा फोटो उचलला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. मी तो परत मागितला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अक्कासाठी लोकरीचा स्वेटर आला, डोंगरात थंडी असते म्हणून. सेलूच्या उन्हात असला स्वेटर घालून कोणी उभं राहिलं तर भाजून निघेल, पण मला तोच हवा होता. तिची नवी पेटी आली, लाल रंगाची, तिच्यावर पांढऱ्या रंगानं तिचं नाव. ते नाव बघून माझा जळफळाट व्हायचा. ती साड्यांच्या घड्या घालायची आणि मी उंबऱ्यात बसून बघायची. कधी तिनं वर बघितलं की मी नजर काढून घ्यायची नाही. बघू दे, म्हटलं, कळू दे हिला.

कळलं असावं. ती एकदा म्हणाली, ‘‘चल, ल्कार खेळू.’’ मी म्हणाले, मला नाही खेळायचं. मग थोड्या वेळानं जाऊन बाजेवर बसले, कारण मी बसले नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळेल असं वाटलं. दुसरं होतं कोण? अंगणात आम्ही दोघीच. ती शिडीपाशी जाऊन उभी राहिली, नेहमीसारखी, आणि बराच वेळ माझी ल्कार निघूच देईना. ‘‘थांब की जरा,’’ म्हणायची, ‘‘घाई काय हाय?’’

कागदपत्रं आली. सकाळच्या मनमाडच्या गाडीनं निघायचं ठरलं. स्टेशनवर आम्ही चौघं आणि दाजी, आणि ती लाल पेटी. माय अक्काच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होती. बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून तिला दिला, त्यावर त्यांनी आफ्रिकेचा वरचा भाग स्वतःच्या हातानं काढला होता. अक्कानं तो उघडला नाही, मुठीत धरला. मी एका बाजूला उभी होते. रडत नव्हते. रडायला यायचं तर तिच्या जाण्याचं दुःख व्हायला हवं होतं, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की त्या डब्यात मी का नाही.

दाजींनी पेटी आत चढवली. अक्का खिडकीपाशी बसली. मळमळतं म्हणून कधी न बसणारी, पण आज तिथंच बसली आणि गजांना धरून बाहेर बघत राहिली. शिट्टी झाली. दाजी तिच्या मागून वाकून म्हणाले, ‘‘म्हण की, शिकवलंय ते! निघताना काय म्हणायचं?’’

गाडी हलली. मी तिच्याबरोबर दोन पावलं चालले. अक्कानं गजांतून हात बाहेर काढला, माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘रूह दि लह्ना.’’

आणि माझ्याही तोंडून सवयीनं गेलं, ‘‘क्किम दि लह्ना.’’

दाजी जोरात हसले. ‘‘अगं, उलटं झालं! दोघींचंबी उलटं झालं!’’ माय, बाबा काही न कळून हसले. मीही हसले असते. पण अक्का हसली नाही, आणि चूक सुधारलीही नाही. तिनं माझा हात सोडला आणि बघत राहिली. माझ्याकडं, माझ्या मागच्या बाबांकडं, मायच्या हातातल्या घराच्या किल्लीकडं, आणि पुन्हा माझ्याकडं.

ती नजर मी लगेच ओळखली. सबंध उन्हाळा, उंबऱ्यात बसून, मी तिच्याकडं तशीच बघत होते.