केळीच्या खोडातले दोन भाडेकरू

"एका साक्षीवर फाशी नाही!" असं म्हणून आमची ताई उजव्या हाताची दोन बोटं वर करायची. बसमध्ये कुणी कुणाचं लग्न मोडल्याची बातमी आणली, तरी हेच. दुसरा साक्षीदार आणा, मग बोला.

निघोज्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये केळीची रोपं बाटल्यांत वाढवतात. मी बाटल्यांतलं खाद्य तयार करते. ती रोगतपासणी करायची. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. दोघी काळेवाडीच्या. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो, आणि मोशी येईपर्यंत तिनं मला बुरशीचं निम्मं खानदान ऐकवलेलं असायचं.

"अगं, मर रोगाची बुरशी म्हणजे काय चीज आहे! बरीचशी गुणसूत्रं तिच्या साध्यासुध्या भावंडांसारखीच. बदमाशी लिहिलीय ती काही जादा तुकड्यांवर. आणि असे तुकडे एक बुरशी दुसरीला देऊही शकते. विचार कर!"

पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायचे.

"ताई, हळू. त्यांना वाटेल, तुमच्या नात्यातलीच आहे."

"मग? शत्रूचं घराणं माहीत नको?"

गेल्या वर्षी देहूकडचे एक काका पिवळं पडलेलं वेलची केळीचं झाड टेम्पोत घालून आले. "तुमच्या रोपांनी घात केला, मॅडम."

ताईनं खोड उभं चिरलं. आत तांबूस-तपकिरी रेषा. मर रोगच. प्रश्न एवढाच, की कुठला? जुना प्रकार वेलचीसारख्या जाती मारतो, जी-नाइनला, म्हणजे बाजारातल्या नेहमीच्या मोठ्या केळीच्या जातीला, सहसा काही करत नाही. नवा प्रकार जी-नाइनलाही सोडत नाही, आणि आमची अख्खी शेड जी-नाइनच्या रोपांनी भरलेली. नवा असला तर सगळं जाळायचं आणि लॅबला कुलूप.

तिनं खोडाचा तुकडा कुटून जनुकांची चाचणी लावली. नव्या प्रकाराच्या रकान्यात रेघ लख्ख चमकली.

मालक म्हणाले, "रोपांची गाडी भरून तयार आहे. निघू दे. बाकीचं मागाहून बघू."

"सर, एकही रोप हलणार नाही," ताई म्हणाली. "पण जाळायचंही नाही. ही चाचणी कधी कधी गरीब बुरशीलाही धरते." आणि दोन बोटं वर.

मालक चिडले, पण गाडी रिकामी झाली. शेडमधलं काम बंद पडलं. निघोज्याच्या एका मावशींनी तिला फाटकातच गाठलं. "तुमच्या बुरशीपायी आमचा रोज बुडतुया, बाई. आमी काय खायाचं?"

परतीच्या बसमध्ये भोसरी मागे पडल्यावर ताई म्हणाली, "पप्पा कारखान्यात प्रेस शॉपला होते. सुपरवायझर कितीही ओरडू दे, दोनदा गेज लावून माप बघितल्याशिवाय जॉब पुढे सोडायचे नाहीत. त्या दिवशी घरी येऊन जेवायचे नाहीत. पण सोडायचे नाहीत."

खोडातून निघालेली बुरशी ती एकेका बीजाणूपासून वेगळी वाढवत होती. एका सकाळी लॅबमधून ओरडली, "अगं, ये इकडे! दोन निघाल्या! एकाच खोडात दोन भाडेकरू!"

एक अगदी निरुपद्रवी. रोग करणारी जनुकंच तिच्यात नव्हती. आम्हाला घाबरवणारी ती रेघ तिची. खरी गुन्हेगार दुसरी, आणि खुणा जुन्या प्रकाराच्या.

"झालं तर मग!" मी म्हटलं.

"जनुकं बोलली. आता झाड बोलू दे."

बंद खोलीत तिनं ती दुसरी बुरशी वेलचीच्या आणि जी-नाइनच्या रोपांना लावली. काही आठवड्यांनी वेलचीनं माना टाकल्या. जी-नाइन ताठ. पण आत काय? चिरायच्या दिवशी मालक, शेडमधल्या बायका, देहूचे काका, सगळे दारात गोळा झालो.

पहिलं जी-नाइन उभं चिरलं. वरपासून खालपर्यंत पांढरंशुभ्र. दुसरं, पांढरं. तिसरंही!

ताई अशी किंचाळली, की वॉचमन धावत आला. तिनं मावशींना मिठीच मारली. "मावशी, उद्यापासून शेड चालू!"

मावशी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "मेलीनं जीव काढला व्हता आमचा."

"मंग आमच्या रानात आली कुठनं?" काकांनी विचारलं.

"तिथं पूर्वी केळी होती का, काका?"

"व्हय. आजा लावायचा. समद्या पिवळ्या पडून बसल्या, तवा सोडलं."

"तेव्हापासून मातीतच राहिली असणार. तिथं आता वेलची नको. जी-नाइन लावा."

काकांनी लावली, आणि बाग उभी राहिली.

यंदा ताई गेली. दक्षिणेत, केळीवरच संशोधन करायला. शेवटच्या दिवशी दुपारीच निघाली. आमच्या फाटकात जंतुनाशक पाण्याचा ट्रे असतो. बाहेरची बुरशी येऊ नये म्हणून आत येणारा प्रत्येक जण त्यात चपला बुडवतो. ती बाहेर जाताना बुडवायला लागली.

"आता कशाला, ताई?"

"आपलं काही दुसऱ्याच्या रानात जायला नको," ती म्हणाली, आणि हसत रिक्षाकडे पळाली.

सिमेंटच्या रस्त्यावर तिची ओली पावलं उमटली होती. ऊन कडक होतं. एकेक करून वाळली. मी फाटकाशी उभी राहून बघत होते.