आधी तुमचं सांगा

अख्ख्या दुबईत दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आधी त्याचेच दात तपासणारा माणूस एकच आहे, आणि ते माझे थोरले दीर आहेत. "ज्याला स्वतःचे सांभाळता येत नाहीत, तो माझे काय सांभाळणार?" वस्तू नाही, माणूस बघायचा, हा त्यांचा खाक्या. सोफा घ्यायचा तर शारजाच्या कारखान्यात जाऊन सुताराला विचारणार, तुझ्या घरी कुठला सोफा आहे. करामा भागात नवी खानावळ निघाली की मालक कुठे जेवतो याची चौकशी करणार, आणि तो घरून डबा आणतो असं कळलं की दारातूनच मागे फिरणार. जाऊबाई अशा वेळी चार पावलं लांब, आपण यांच्याबरोबर नाहीच अशा थाटात उभ्या असतात. तो सोफा अजून कुरकुरलेला नाही, हेही सांगायला हवं.

गेल्या वर्षी मात्र या खाक्यानं आमच्या तोंडचं पाणी पळवलं. माझी पुतणी अकरावीत भारतीय शाळा सोडून अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत गेली आणि बारावीत कळलं, शाळा पूर्ण व्हायला तिचं ऐच्छिक विषयाचं अर्धं क्रेडिट कमी पडतंय. शाळेच्या समुपदेशक बाईंनी मार्ग सुचवला: पर्सनल फायनान्सचा, म्हणजे स्वतःचे पैसे कसे सांभाळायचे याचा, ऑनलाइन कोर्स कर, पण संस्था मान्यताप्राप्त हवी आणि नाव घालण्याआधी शाळेची लेखी परवानगी हवी. महिनाअखेर कोर्स ठरला नाही, तर मैत्रिणी झगा-टोपी घालून पुढे जाणार आणि ही मागे राहणार. पोरगी अगदी रडकुंडीला आली होती.

दिरांनी फुकटातले कोर्स एका दिवसात बाद केले. "सर्टिफिकेट देतात, क्रेडिट देत नाहीत. भिंतीवर लावायला शिकवतोय का मी हिला?" इथवर त्यांचं चोख होतं. पण उरलेल्या प्रत्येक संस्थेला ते म्हणाले, शिकवणाऱ्याशी व्हिडिओ कॉल करून द्या. आणि कॉलवर प्रश्न एकच. "सर, फर्स्ट यू टेल मी. युवर ओन मनी, हाऊ यू आर मॅनेजिंग?" एका गृहस्थांनी फोनच कापला. दुसऱ्यांनी, यावर आमचा कायदा विभाग उत्तर देईल, असं सांगितलं. पुतणी उशीत तोंड खुपसून ओरडायची, "डॅड, प्लीज! जस्ट पिक वन!"

मुदत संपत आली तेव्हा एक वयस्क अमेरिकन बाई भेटल्या. प्रश्न ऐकून त्या खदखदून हसल्या. म्हणाल्या, तरुणपणी क्रेडिट कार्डाच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते, ते फेडता फेडता जे शिकले तेच आता मुलांना शिकवते. दीर खुर्चीतून उठलेच. "खलास! हीच बाई. यल्ला, चल, फॉर्म भर." दुसऱ्या दिवशी शाळेचं फाटक उघडायच्या आत ते परवानगीसाठी दारात उभे.

पुतणीला क्रेडिट मिळालं, तिनं सगळ्यांबरोबर टोपी उडवली. कॅनडाला शिकायला निघायच्या आठवड्यात दीर तिला खर्चाचं समजवायला बसले, तर तिनं राहण्याचं, जेवणाखाण्याचं, अडीअडचणीचं सगळं आधीच बसवून ठेवलं होतं. "डॅड, आय नो. डोन्ट वरी," म्हणाली, आणि खरंच तिला सगळं येत होतं. संध्याकाळी ते आमच्याकडे आले. इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसलो, पण लेकीसाठी इतकं जिवाचं रान करणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. चहा निवला तरी ते कप धरूनच बसले होते.

"अगं," शेवटी म्हणाले, "जरा कमी चांगला कोर्स शोधायला हवा होता. महिन्यातून एखादा फोन तरी केला असता तिनं, विचारायला."