आठवडाभराचे आभार

लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा देवाला फसवायची एक युक्ती शोधून काढली होती, आणि ती चांगली दोन वर्षं चालली. सगळ्या आठवड्याचे आभार मी रविवारी दुपारीच मानून टाकत असे. माझं वय तेव्हा सतरा होतं. अक्कल त्याहून बरीच धाकटी होती. आज माझ्या नातवंडांपैकी कुणी असला आळस केला तर मी त्याचा कान धरते, आणि धरताना मनात हसते, कारण तो कान खरं तर माझाच असतो.

आमच्या घरची रीत अशी होती. पहाटे जात्यावर बसण्यापूर्वी सुपातली पहिली मूठ ज्वारी कोनाड्यातल्या मडक्यात टाकायची, आणि टाकताना आदल्या दिवसात मिळालेल्या एका गोष्टीबद्दल प्रभूचे आभार मानायचे. गोष्ट रोज नवी हवी. काल ‘पाणी मिळालं’ म्हटलं असेल तर आज पुन्हा पाणी चालायचं नाही. रविवारी मडकं देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, रितं व्हायचं आणि ती ज्वारी वस्तीतल्या विधवांच्या घरी जायची. ही रीत माझ्या सासूबाईंची. त्यांना मी आत्याबाई म्हणे. उंच, काटक, बोलायला तिखट. प्रार्थनासुद्धा अशी करत की जणू प्रभूनं घरातलं एखादं काम अर्धवट ठेवलंय आणि त्याला त्या फैलावर घेत आहेत.

आता सतरा वर्षांच्या पोरीला पहाटे डोळे उघडायचे म्हणजे संकट. त्यात रोज नवी गोष्ट कुठून आणायची? घर दोन खोल्यांचं, परसात एक शेळी, आमचे हे कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. सकाळी गेले की कापसाचे तंतू डोक्यात घेऊन दिवेलागणीला परत. यात नवं ते काय घडणार! म्हणून मी रविवारी मडकं रितं होऊन आलं की आत्याबाईंची पाठ वळल्याबरोबर भराभर सगळ्या मुठी एकदम टाके. सोमवारच्या दिवसाची ही, आज विहिरीवर भांडण झालं नाही. मंगळवारची ही, यांनी भाजीला नाव ठेवलं नाही. बुधवारची ही, आत्याबाई कमी बोलल्या. आभार झालेल्या गोष्टीचे मानतात, व्हायच्या गोष्टीचे नव्हे, एवढं शेंबड्या पोराला कळतं. मला वाटे, देवाला काय, आज काय नि उद्या काय, त्याला सगळं सारखंच दिसतं. आत्याबाई पहाटे शेळीकडे परसात असत, त्यामुळे मी काही बोलते की नाही हे त्यांना ऐकू येत नसे. शनिवारी तेवढं मडक्यात डोकावत आणि समाधानानं मान हलवत. मी आत जाऊन पदरात तोंड दाबून हसत असे.

मग आम्हाला मुलगी झाली. तिचं नाव रूथ. आम्ही रूथी म्हणत असू. ती आल्यावर माझी आभारांची पंचाईत संपली, कारण पुष्कळ वारांवर मी तिलाच बसवलं. ती हसली, ती कुशीवर वळली, तिनं आजीचं नाक धरलं. उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी अशाच मुठी टाकल्या, आणि गुरुवारची टाकताना म्हटलं, ‘प्रभू, आज रूथी पोटभर प्यायली आणि खेळली, म्हणून तुझे आभार.’

मंगळवारी तिला वांत्या-जुलाब सुरू झाले. नऊ महिन्यांचं लेकरू. दवाखान्यातली औषधं झाली, घरची झाली, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. आमचे हे जिनात गेलेच नाहीत; उंबऱ्यात बसून राहिले, एवढा दांडगा माणूस, आपल्याच घरात परक्यासारखा. गुरुवारी दिवस मावळायच्या आत रूथी गेली.

त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. मी थट्टेखोर बाई आहे, पण माझी थट्टा त्या दिवसापाशी येऊन थांबते. एवढंच सांगते, तिला कबरस्तानात ठेवून आल्यावर मी सरळ कोनाड्याकडे गेले आणि मडक्यात हात घातला. गुरुवारची मूठ मी परत घेतली. कुठली मूठ कुठल्या वाराची हे ज्वारीला थोडंच ठाऊक असतं. पण मी मूठ भरून बाहेर काढली आणि परसात भिरकावून दिली. आत्याबाई शेळीजवळ उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं.

माझ्या मनात तेव्हा जे बसलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. मला वाटलं, हे मी केलं. मी देवाला खोटं बोलले, न घडलेल्या दिवसाचे आभार त्याच्या पदरात टाकले, आणि त्यानं तोच दिवस मला दाखवला. प्रेमळ बापाबद्दल असं मनात आणणं किती वाईट, हे मला उपासनेत शिकवलेलं पाठ होतं. पाठ असलेलं काही कामाला येत नव्हतं. आमचे हे जवळ येऊन बसले की मी उठून जाई. ज्या बाईनं याची लेक घालवली तिच्याशेजारी यानं काहून बसावं, असं वाटे. जेवणं सोडल्यासारखीच झाली होती. मी जात्यावर बसेना. मग आत्याबाई बसू लागल्या. एका पहाटे मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि त्यांचा आवाज ऐकला. सुपातली मूठ उचलून त्या म्हणत होत्या, “आज माह्याजवळ बी सांगाले काही नाई, देवा. तरी टाकून राह्यली.” ज्वारी मडक्यात पडल्याचा आवाज झाला. मला त्यांचा राग आला. इतका राग मला त्यांच्या बोलण्याचा कधी आला नव्हता.

दूध मात्र यायचं थांबत नव्हतं. त्याला काही कळवलेलं नव्हतं कुणी. आत्याबाईंनी छातीला फडकं घट्ट आवळून बांधलं होतं, आणि तरी छाती दगडासारखी होऊन ठणकत होती.

अशात एक दिवस, उन्हं चढल्यावर, दारात एक म्हातारी मुसलमान बाई आली. डोईवरची ओढणी घामानं भिजलेली, आणि कडेवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, इतकं लहान की मला आधी बोचकंच वाटलं. गावात पिंजाऱ्यांची आळी आहे, गाद्या-रजयांचा कापूस पिंजणाऱ्यांची. तिथली ही हुसेनबी. आम्ही तिला ओळखत नव्हतो, ती आम्हाला ओळखत नव्हती. आमच्याकडे शेळी आहे असं तिला बाजारात कुणीसं सांगितलं होतं.

“माय, वाटीभर दूध दे वं शेळीचं,” ती आत्याबाईंना म्हणाली. “बहूले मुदतीचा ताप हाय, तिचं दूध आटलं. लेकरू महिन्याचं बी नाई. गाईचं पचून नाई राह्यलं त्याले.”

“शेळी गाभण हाय बाई,” आत्याबाई म्हणाल्या. “आटली ते बी. एक थेंब नाई घरात.”

हुसेनबी मट्कन ओसरीवर बसली. पुढच्या घरी जायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. आत्याबाईंनी तिला पाणी दिलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काय विचारायचं ते त्या नजरेत होतं, आणि मला ते समजलं.

“नाही,” मी म्हटलं. “मला सांगू नका.”

“म्या काही म्हणलं का वं?”

“तुम्ही म्हणू पण नका.”

मी आतल्या खोलीत जाऊन कवाड लावून घेतलं. ज्या छातीशी रूथी होती तिथं दुसऱ्याचं मूल? तेही माझ्यासारखीनं, जिच्या आभारांनी लेकरू मरतं तिनं? त्याचंही काही वाईट झालं असतं तर! मी कानावर हात ठेवले. बाहेर ते पोर रडू लागलं. रडणं कसलं, मांजराच्या पिल्लानं बोळात अडकून कण्हावं तसला आवाज, आणि मध्येच तोही थांबायचा. तो थांबला की मला श्वास घेववेना. आणि तेवढ्यात छातीचं फडकं ओलं झालं. मी नाही म्हणत होते. दुधानं मला विचारलंच नाही. फडक्यातून झिरपून ते लुगड्यावर उतरलं, पोटावरून ओघळलं, आणि मी उभी राहून नुसती बघत राहिले.

मी कवाड उघडलं. “आणा,” म्हटलं. दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही. नाही, एक म्हटलं. “आम्ही ख्रिस्ती आहोत, बाई. तुमच्याकडे चालेल का?”

हुसेनबी पोर माझ्या हातात देता देता चिडलीच. “दोन दिसांपासून उपाशी हाय ते, अन् तू हे पुसून राह्यली? दे बेटी, दे आधी, अल्लाच्या वास्ते!”

त्याचं नाव मेहबूब. त्याला ओढायचीही ताकद नव्हती. आत्याबाईंनी बोटानं दूध त्याच्या ओठांना लावलं, मग त्याला आठवलं की आपण जिवंत आहोत. तो पीत होता आणि मी रडत होते, रूथी गेल्यापासून पहिल्यांदा. ते रडणं सुखाचं होतं की दुःखाचं असं कुणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. छातीतला ठणका मात्र उतरत गेला.

दुसऱ्या पहाटे मी जात्याशी जाऊन बसले. आत्याबाई बाजूला सरकल्या. मी मूठ भरली, पण ती मला नुसती धरून ठेवावी लागली. आभार हा शब्द जिभेवर येईना. शेवटी म्हटलं, ‘प्रभू, काल दूध वाया गेलं नाही.’ आणि मूठ टाकली. माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी मूठ. घडलेल्या गोष्टीची, घडल्यावर टाकलेली.

मेहबूब पोळ्यापर्यंत आमच्याकडेच राहिला. हुसेनबी रोज येई, नातवाला न्याहाळी, आणि मग दोघी म्हाताऱ्या ओसरीवर पान खात आपापल्या सुनांची उणीदुणी काढत. एक सून तापात, दुसरी दुःखात. उत्तर द्यायला कुणी नव्हतं, त्यांना रान मोकळं होतं. एकदा हुसेनबीनं सांगितलं, त्यांच्यात दूध पाजणारी ही आईच धरतात. हा पोरगा आता तुझा, आणि पुढं तुला मुली झाल्या तर त्या याच्या सख्ख्या बहिणी, लग्न चालायचं नाही. मी म्हटलं, आधी मुली तरी होऊ देत! मी हसले होते. आमचे हे त्या वेळी दारात उभे होते. माझं हसणं ऐकून ते आत आले आणि माझ्याजवळ बसले, आणि त्या दिवशी मी उठून गेले नाही.

सून बरी झाली. प्रभूची दया. एक दिवस ती स्वतः चालत आली, काठीसारखी वाळलेली, आणि तिनं हात पुढे केले. मी मेहबूबला दिलं. द्यायचंच होतं. पण घरात परत आले तेव्हा ते घर रूथी गेली त्या दिवसासारखं रिकामं घुमत होतं. झोळीचा दोर तसाच लोंबत होता.

कुणी मला म्हणालं की मेहबूब वाचावा म्हणून देवानं रूथीला नेलं, तर त्याला मी आजही घराबाहेर काढीन. पाळकबाईंनी एकदा तसं सुचवलं होतं, आणि चहा न पिता परत गेल्या. मला देवाचा हिशेब कळत नाही. एवढंच कळतं की मी कवाड लावून बसले होते तेव्हा दाराशी कुणीतरी भुकेलं आलं, आणि मला कुणी समजावलं नाही, उपदेश केला नाही; फक्त माझ्याजवळ जे होतं ते मागितलं. पुढे मला मुलं झाली, नातवंडं झाली. मेहबूबला आता दाढी आहे. ईदेला शेवया घेऊन येतो आणि माझ्या पायाशी बसून पहिला घास मला देतो. रोज पहाटे मी मूठ टाकते. कधी गोष्ट मोठी असते, कधी एवढीच, की गुडघा काल कमी दुखला. काही दिवस सांगण्यासारखं काहीच नसतं. मग मी आत्याबाईंचे शब्द म्हणते आणि टाकते.

पण तेव्हा, ज्या दिवशी मेहबूब आपल्या घरी परत गेला त्याच्या दुसऱ्या पहाटे मला मूठ उचलवेना. जात्याच्या दोन बाजूंना आत्याबाई आणि मी समोरासमोर बसलो होतो. मनात इतके दिवस दाबलेलं मी तेव्हा सांगून टाकलं: रविवारच्या मुठी, आगाऊ आभार, तो गुरुवार, सगळं. आणि विचारलं, आत्याबाई, म्हणूनच नेली ना त्यानं तिला? त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. मग त्या जे बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत देते, माझी भर त्यात नको.

“म्या तर रोजची मूठ रोज टाकत होती वं पोरी. एक दिस खंड नाई पाडला. तरी माहे दोन लेकरं एकाच आठवड्यात गेले, तुह्या नवऱ्याच्या आधीचे. त्याले बी ठाव नाई. मंग म्या काय चुकली होती, सांग बरं? काही नाई चुकली. तू बी नाई चुकली. अन् तरी काहून टाकतो आपण, ते मले नको पुसू, मले नाई माहीत. टाकल्याबिगर राहवत नाई, एवढं माहीत हाय. सरक अशी पुढं, धर खुंटा. मले एकटीनं नाई ओढत आता.”