चौदा कागदी पावलं

मी पंखे विकायचो. एका वर्षी आमच्या विभागात माझी विक्री सगळ्यांत जास्त झाली आणि कंपनीने बक्षीस म्हणून दोघांना सिंगापूरची पाच दिवसांची सहल दिली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घाटकोपरच्या इमारतीतलं कोणीही तोवर विमानात बसलं नव्हतं. नेमका बायकोला सातवा महिना लागलेला. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही ते माझंच कारस्थान होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तिकीट फुकट घालवू नका, आईंना घेऊन जा.

खरं सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे गॉगल लावलेला मी होतो. त्या चित्रात नऊवारीतली आई आणि तिची सोलकढीसाठी घेतलेली आमसुलांची पिशवी कुठेच बसत नव्हती.

बातमी फुटली आणि घरात रांग लागली. सगळ्यांना सिंगापूरची पादत्राणं हवी होती. परदेशी जाणाऱ्याकडे माप द्यायची आमच्याकडे एक ठरलेली रीत होती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर उजवा पाय ठेवायचा, पेन्सिलने भोवती रेघ मारायची आणि टाचेमागे, रेघेबाहेर नाव लिहायचं. इकडचा नंबर तिकडे चालत नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. तेरा माणसांची मापं आली. कागद मात्र चौदा झाले.

चौदाव्याचं कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं, कारण मी कामावर होतो. तळमजल्यावरची मुलगी सगळे निघून गेल्यावर एकटी वर आली होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय बारीक राहिला होता आणि पाऊलही बरंच लहान. उजव्या पायात बाईमाणसाची चप्पल, डाव्यात पोरासोरांची, दोन्हींचा रंग वेगळा, पट्टे वेगळे, अशीच ती शाळा शिकली. आता जूनमध्ये कॉलेजात जाणार होती. तिने दोन्ही पावलांचे कागद आईच्या हातात दिले आणि म्हणाली, "काकी, दोन्ही पायांत सारख्या मिळतील का? कशाही असू देत, पण सारख्या."

आईने हो म्हटलं. आई कोणालाही हो म्हणायची आणि निस्तरायचं मला लागायचं.

या खेपेस घोळ मात्र मी घातला. मला नीटनेटकेपणाचा रोग आहे. निघायच्या आदल्या दिवशी आई मासळीबाजारात गेलेली असताना मी बॅग भरायला घेतली. तो कागदांचा गठ्ठा बघून माझं डोकं फिरलं. मी बायकोची शिवणाची कात्री घेतली आणि प्रत्येक पाऊल पेन्सिलीच्या रेघेवरून अगदी सफाईने कापून काढलं. राहिलेली रद्दी बादलीत टाकली. नावं त्या रद्दीवर होती, हे मला सिंगापूरच्या हॉटेलात समजलं.

आईने चौदा पावलं पलंगावर मांडली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग एकेक पाऊल उचलून ती सांगत गेली. ही वरच्या शिक्षिकाबाई, अंगठा बाहेर वळलाय. हा त्यांचा नवरा, सपाट तळवे. ही तिसऱ्या मजल्यावरची, करंगळी जमिनीला लागतच नाही. मी थक्क झालो. मग माझ्या लक्षात आलं, रोज सकाळी आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची आणि जिन्यावरून येणारी-जाणारी माणसं तिला गुडघ्याखालूनच दिसायची. तिच्यासाठी इमारतीतली माणसं म्हणजे पाय होते.

शेवटी दोन कागद उरले. लहान कागद उचलून मी म्हणालो, हे कोणाचं तरी पोर दिसतंय, याला काहीही स्वस्तातलं घेऊ. तेव्हा आईने मला त्या मुलीचं सगळं सांगितलं. मी कागद खाली ठेवला. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून आमची सहल म्हणजे पायपीट झाली. सकाळी बाजार, दुपारी मॉल, संध्याकाळी पुन्हा बाजार. बाजारात आईचं झकास जमलं. तिथल्या मासळीबाजारात तर ती माहेरी गेल्यासारखी वावरली. सुरमईचे कल्ले उघडून बघितले, चिनी कोळणीशी मालवणीत बोलली, कोळीण चिनीत बोलली, दोघींचं पटलं. घ्यायचं काहीच नव्हतं. हॉटेलात चूल नाही याचं आईला फार वाईट वाटलं.

चपलांच्या गल्लीत तिने निम्मा भाव सांगितला, हात झटकला आणि चालू लागली. पाचव्या पावलाला दुकानदाराने हाक मारली. ती खूश. मॉलमध्येही तिने हेच केलं. तिथली दारं आपोआप उघडायची, सरकते जिने चालायचे, थंडी इतकी की तिने पदर कानांवरून घेतलेला. निम्मा भाव सांगून ती दाराकडे निघाली. हळूहळू गेली, दारात थांबली, वळून बघितलं. कोणी हाक मारेना. ती तशीच मुकाट्याने परत आली. तिथल्या मुलीने हसून पुन्हा तोच भाव दाखवला. दुकानात माणूस नाही, असं आईचं मत झालं. सरकत्या जिन्यावरून मात्र ती नंतर उगाचच दोनदा जाऊन आली.

चौथ्या दिवसापर्यंत बारा जणांचं काम झालं. त्या मुलीचं होईना. मोठ्या मापात जे मिळे ते लहानात नसे. लहानात फुलं, ससे, बदकं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पायात बदक घालायचं का? प्रत्येक दुकानात आई दोन्ही कागद काउंटरवर ठेवायची आणि विकणारे मान हलवायचे. चौथ्या रात्री ती जेवली नाही. पोरीला हो म्हटलं होतं, एवढंच म्हणाली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विमान. सकाळी मी कॅमेरा घ्यायला निघालो. येणाऱ्या बाळाचे फोटो मला स्वतः काढायचे होते आणि तेवढे डॉलर मी जपून ठेवले होते. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आई एका काचेपुढे थांबली. आत मोठं चित्र होतं. एक बाई आणि तिची छोटी मुलगी, दोघींच्या पायांत अगदी एकसारख्या तपकिरी सँडल. मायलेकींसाठी सारख्या. आई आत घुसली. दोन्ही कागद दोन्ही सँडलवर ठेवून बघितले. बसले.

आता एक मोठी आणि एक लहान द्या, असं मी खुणांनी समजावलं. विकणाऱ्या मुलीने नम्रपणे नकार दिला. जोड फोडता येणार नव्हते. दोन्ही जोड पुरे घ्यायचे तर कॅमेरा राहणार होता.

मी चिडलो. आईला म्हणालो, यातल्या दोन सँडल फुकट जाणार. एक मोठी डावी, एक लहान उजवी. त्या कोण घालणार?

आई शांतपणे म्हणाली, "फुकट कशाक जातीत रे झिला? खंयतरी आसतलाच एखादा चेडू, तेच्या उलट्या पायांचा."

अशी उलट्या पायांची मुलगी ती कुठून आणणार होती? मी पैसे दिले. विमानात तिच्याशी बोललो नाही. ती खिडकीतून ढग बघत आमसूल चघळत होती.

तळमजल्यावरच्या मुलीने सँडल घातल्या आणि कितीतरी वेळ नुसती खाली बघत उभी राहिली. मग आईच्या गळ्यात पडली. माझा राग तिथेच उतरला. उरलेल्या दोन सँडल आईने खोक्यात घालून पलंगाखाली सरकवल्या. त्या टाकून दे, असं मी दोनतीनदा म्हटलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आमचा मुलगा चार महिन्यांचा झाला तेव्हाची गोष्ट. रविवारी दुपारी ती मुलगी एका मैत्रिणीला घेऊन आली. व्यायामासाठी ती इस्पितळात जायची, तिथे ओळख झालेली. मुलुंडची. या मैत्रिणीचा उजवा पाय बारीक होता.

आईने तिच्या पायांकडे बघितलं. पलंगाखाली वाकली आणि खोका ओढला. मुलुंडच्या मुलीने सँडल घातल्या, बाहेर गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या, मग दाराशी मैत्रिणीच्या सँडलशेजारी काढून ठेवल्या आणि चहाला आत आली. मी बाळाला घेऊन खिडकीशी गेलो.

तेवढ्यात वरच्या शिक्षिकाबाई जिन्यावरून उतरत होत्या. दारात थांबल्या, खाली दोन मोठ्या आणि दोन लहान सँडल बघितल्या आणि आत विचारलं, "बाळाला बघायला कोण मायलेकी आल्यात का?"

माप देताना सगळे जायची वाट बघणारी ती मुलगी कप ठेवून उठली. दारात गेली. चारांतल्या आपल्या दोन सँडल पायांत घातल्या आणि बाईंपुढे सरळ उभी राहिली.

"मायलेकी नाही हो, मैत्रिणी," ती म्हणाली. "बघा ना, सारख्या आहेत."